बालगृह, शिशुगृह, आश्रमशाळा: मूल दगावल्यावर आढावा कोण घेतो? (नागपूर जिल्हा)

पेंचकाठ
संस्थेत राहणारं मूल दगावलं की कागद चार ठिकाणी हलतो. ठाण्यात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो. मेडिकल नाहीतर मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयात पीएम (शवविच्छेदन) होतं. संस्थेचा अहवाल जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे किंवा आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात जातो. मृत्यू शहरात झाला असेल तर नोंद मनपात होते. पण 'कुठल्या तासाला काय केलं असतं तर हे मूल वाचलं असतं' हे लेखी विचारायचं काम यातल्या नेमक्या कुणाचं?

जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं आहे, म्हणून हा धागा. कायदा, आरोग्य, आश्रमशाळा या बाजू जाणणाऱ्यांनी नेमकं लिहा. एक विनंती आहे. कुठल्याही मुलाचं नाव, गाव किंवा संस्थेचं नाव इथे नको. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

धंतोली
बालगृह, निरीक्षणगृह (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी) आणि विशेष दत्तक संस्था (म्हणजे आपण ज्याला शिशुगृह म्हणतो ते) यांच्यापुरतं लिहितो. हे सगळं बाल न्याय कायदा २०१५ खाली येतं. नियमांत मृत्यूनंतर काय करायचं ते बरंच स्पष्ट आहे. मृत्यू आजारानं असो की अनैसर्गिक, इन्क्वेस्ट (मृत्यू कसा झाला याची अधिकृत चौकशी) आणि पीएम लवकरात लवकर व्हायला हवं. अधीक्षकानं पोलीस ठाणं, बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ, मानवी हक्क आयोग आणि पालक यांना लगेच लेखी कळवायचं. दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत मूल गेलं तर ठाणं आणि सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवण्यात जरासुद्धा उशीर चालत नाही. अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी, दोघांनीही मृत्यूच्या परिस्थितीची टिपणी लिहून द्यायची असते.

या टिपणीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. बऱ्याचदा ती तीन ओळींची असते: 'रात्री अस्वस्थ वाटले, रुग्णालयात नेले, डॉक्टरांनी मृत घोषित केले.' रात्री म्हणजे किती वाजता, नेलं कशानं, कोणी, पहिला फोन कोणाला, यातलं काही नसतं. आणि ती तशीच्या तशी मंजूर होऊन वर जाते.

मृत्यूच्या आधीची देखरेख वेगळी. कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीनं प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची. किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवेच. अहवाल आठवड्याच्या आत, त्यावर कारवाई महिन्याच्या आत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ सप्टेंबर २०२२ पासून, हा अहवाल थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. बाल कल्याण समितीनं स्वतःही महिन्यातून किमान दोन तपासणी भेटी द्यायच्या असतात (कलम ३०). म्हणून मृत्यू झाला की पहिला कागद मागायचा तो मृत्यूच्या आधीच्या शेवटच्या दोन तपासणी अहवालांचा, त्यांच्या पूर्तता अहवालासकट. 'रात्रपाळीला काळजीवाहक एकच' असं तिथे आधीच लिहिलेलं असेल तर सगळं चित्र बदलतं.

कोराडी_रोड
संस्थेतला मृत्यू म्हणजे कोठडीतला मृत्यूच ना? मग दंडाधिकारी चौकशी आपोआप व्हायला हवी. तेवढं झालं तर वेगळा आढावा कशाला?

खंडपीठ
आपोआप नाही होत, इथेच गफलत होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६ (जुनं १७६) पोलीस कोठडी किंवा दंडाधिकारी वा न्यायालयानं अधिकृत केलेल्या कोठडीबद्दल बोलतं. बाल न्याय मंडळाच्या आदेशानं निरीक्षणगृहात असलेल्या मुलाला ते लागू होतं, हे मांडायला सोपं आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल मात्र बाल कल्याण समितीच्या आदेशानं बालगृहात असतं. समितीला बाल न्याय कायद्याच्या कलम २७ नं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेत, त्यामुळे ही कोठडीही त्याच कलमात बसते असा युक्तिवाद करता येतो आणि करावाच. पण ठाणेदार स्वतःहून तो करणार नाही. तो कलम १९४ (जुनं १७४) खाली मर्ग नोंदवेल, पंचनामा करेल आणि घातपात दिसला नाही तर मर्ग बंद होईल. म्हणून समितीनं त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांना चौकशीसाठी लेखी पत्र द्यावं. दोन दिवस गेले की अंत्यविधी होऊन जातो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दंडाधिकारी चौकशी दोष शोधते. मारलं का, उपाशी ठेवलं का, हयगय गुन्ह्याच्या पातळीची होती का, हे ती पाहते. हे लागतंच. पण जिथे कुणीच गुन्हा केला नाही आणि तरी मूल वाचू शकलं असतं, तिथे ही चौकशी 'संशयास्पद काही नाही' इथे थांबते. बहुतेक मृत्यू याच दुसऱ्या प्रकारचे असतात.

एक जोड. सर्वोच्च न्यायालयानं १५ सप्टेंबर २०१७ च्या तुरुंगांविषयीच्या निकालात बालसंगोपन संस्थांमधल्या अनैसर्गिक मृत्यूंचाही मुद्दा घेतला. अशा मुलांची संख्या नोंदवायची पद्धत राज्यांशी बोलून ३१ डिसेंबर २०१७ पर्यंत ठरवा, असं महिला व बालविकास मंत्रालयाला सांगितलं. निवेदनात ही तारीख जरूर घाला.

मानेवाडा
आरोग्य विभागाकडे खऱ्या अर्थाचा आढावा आहे, पण त्याला वयाची कात्री आहे. बालमृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना केंद्रानं २०१४ मध्ये काढल्या. व्याप्ती ० ते ५९ महिने. मूल पाच वर्षांचं झालं की या पद्धतीतून बाहेर.

चालतं असं. वस्तीत मृत्यू झाला की आशा २४ तासांत कळवते. मग एएनएम (आरोग्यसेविका) घरी जाऊन थोडक्यात प्राथमिक चौकशी करते. त्यातले काही मृत्यू निवडून सविस्तर शाब्दिक शवविच्छेदन होतं, म्हणजे घरच्यांना आजाराचा क्रम विचारून कारण काढायचं. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाचा फॉर्म वेगळा, त्यावरच्या मुलाचा वेगळा, आणि घरची परिस्थिती, पैसा, वाहन, निर्णय कोणी घेतला हे विचारणारा सामाजिक भाग वेगळा. रुग्णालयातल्या मृत्यूचा फॉर्म उपचार करणारे डॉक्टर भरतात. सगळं जिल्हा समितीपुढे जातं. प्रश्न तीन उशिरांभोवती फिरतात: आजार ओळखून निघायचं ठरवण्यात किती वेळ गेला, पोहोचण्यात किती, आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात किती. कुणाला शिक्षा करायची नाही, हे या पद्धतीत पहिल्यापासून गृहीत आहे.

आता शिशुगृहाकडे या. आशाचं काम घरयादीवर चालतं. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला ती ४२ दिवसांत सहा भेटी देते (३, ७, १४, २१, २८, ४२ वा दिवस). सोडून दिलेलं बाळ डागा रुग्णालयातून किंवा मेडिकलमधून बाल कल्याण समितीमार्फत शिशुगृहात गेलं की ते कुठल्याच घरयादीत राहत नाही, त्यामुळे या भेटी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आणि शाब्दिक शवविच्छेदनात प्रश्न आईला विचारायचे असतात. इथे आई नाही, तीन पाळ्यांत बदलणाऱ्या आया आहेत. ज्या बाळाला सगळ्यात जास्त लक्ष हवं, तेच या जाळ्याच्या भोकातून खाली पडतं.

निवेदनात मागणी करा: प्रत्येक शिशुगृह नावानिशी एका नागरी आरोग्य केंद्राला जोडा, तिथली एएनएम ठरवून द्या, आणि शाब्दिक शवविच्छेदनात मृत्यूच्या आधीच्या ७२ तासांतल्या प्रत्येक पाळीच्या आयेशी स्वतंत्र बोलणं सक्तीचं करा.

पारशिवनीकर
आश्रमशाळेचं काऊन कोणी लिहून नाही राहिलं? सगळ्यात मोठी पोकळी तर तिथंच आहे.

आश्रमशाळा बाल न्याय कायद्याखालची संस्था नाही, ती आदिवासी विकास विभागाची. कलम ५४ ची तपासणी समिती तिथं जात नाही. मुलं सहा वर्षांच्या वरची, म्हणून आरोग्य विभागाचं बालमृत्यू अन्वेषणही नाही. दोन्ही दारं बंद. राहते ती प्रकल्प अधिकाऱ्याची खातेनिहाय चौकशी. नागपूरच्या अप्पर आयुक्तांच्या हाताखाली देवरी, चिमूर, अहेरी, भामरागडपर्यंतचे प्रकल्प येतात. चौकशीचा शेवट बहुतेक एकच: अधीक्षक निलंबित. निलंबित झाला की तो तोंड उघडत नाही, बाकीचे घाबरून गप्प होतात, आणि त्या रात्री नेमकं काय झालं ते कायमचं गाडलं जातं. या मृत्यूंसाठी २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमली होती, म्हणजे प्रश्न सरकारला माहीत नाही असं नाही.

कारणं काय असतात ते सांगतो, कारण आढाव्याचे प्रश्न त्यावरूनच ठरले पाहिजेत.

मण्यार. पावसाळ्यात मुलं जमिनीवर झोपतात, रात्री मण्यार चावते. दात बारीक, वेदना जवळपास नाही, खूण दिसत नाही, मूल जागंही होत नाही. पहाटे पोट दुखते म्हणते, उलटी होते. अधीक्षकाला वाटतं अपचन, ओवा देतात. मग पापण्या खाली येतात, गिळता येत नाही, श्वास थांबतो. या वेळेला प्रतिविष पाहिजे, पहिला डोस १० व्हायल्स (कुप्या), आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच. मण्यारीत नुसत्या प्रतिविषानं भागत नाही, श्वास यंत्रावर घ्यावा लागू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी न्यायची तयारी सुरुवातीलाच करावी लागते. आढाव्यात विचारा: पलंग होता का, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली होती का, 'पावसाळ्यात पहाटेचं पोटदुखणं म्हणजे आधी साप' हे अधीक्षकाला कोणी शिकवलं होतं का, जवळच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) त्या रात्री किती व्हायल्स होत्या.

सिकलसेल. आपल्या पट्ट्यात एसएस (आई-बाप दोघांकडून सिकलसेल आलेली) मुलं जवळपास प्रत्येक आश्रमशाळेत निघतील. अशा मुलाला १०१ च्या वर ताप म्हणजे तातडी, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. विचारा: मुलाचं कार्ड कुठं होतं? प्रकल्प कार्यालयाच्या फाईलीत, की वसतिगृहाच्या भिंतीवर? बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येते, तपासते, लिहून जाते. ती यादी रात्री ड्यूटीवर असलेल्या माणसापर्यंत पोहोचली का, एवढं एकच पाहा बाप्पा.

तापात घरी पाठवणं. मूल आजारी पडलं की बापाला फोन करून घेऊन जायला सांगतात. मूल घरी नाहीतर रस्त्यात जाते आणि नोंद होते 'घरी मृत्यू'. शाळेचा आकडा शून्य. म्हणून मागणीत हे शब्द पाहिजेतच: शाळा सोडल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू शाळेच्या यादीत धरावा.

डॉ_गोरेवाडा
पारशिवनीकरांचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मी कागदाची वैद्यकीय बाजू लिहिते.

मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र रुग्णालयासाठी नमुना ४, बाहेरच्या मृत्यूसाठी ४अ. भाग १ मध्ये वरून खाली साखळी लिहायची: लगेचचं कारण, त्यामागचं, आणि तळाशी मूळ कारण. हातभार लावणारं भाग २ मध्ये. चूक नेहमीची: पहिल्या ओळीत 'हृदय व श्वसनक्रिया बंद' आणि खाली कोरं. ती मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. उदाहरण घ्या: गोवर झालेलं, तीव्र कुपोषित, न्यूमोनियानं गेलेलं मूल. अ मध्ये न्यूमोनिया, आ मध्ये गोवर, भाग २ मध्ये तीव्र कुपोषण. भाग २ कोरा राहिला की कुपोषण कागदावरून नाहीसं होतं आणि अंगणवाडीला, बालगृहाला कुणी काही विचारत नाही. दाखल करताना दंडघेर मोजला होता का ते केसपेपरवर पाहा. सहा महिने ते पाच वर्षं वयात ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण.

पीएमबद्दल. अहवालाच्या शेवटी 'अंतिम अभिप्राय राखीव' असेल तर व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) रासायनिक तपासणीला आणि ऊती हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) गेलेत. निकाल महिन्यांनी येतात, तोवर तपास अधिकारी बदललेला असतो. अहवाल परत पीएम करणाऱ्या डॉक्टरकडे नेऊन अंतिम अभिप्राय घ्यायचं काम कुणीतरी पाठपुरावा करून करावं लागतं, नाहीतर फाईल 'राखीव'वरच बंद होते.

शिशुगृहातल्या बाळांत वजनवही सगळ्यात जास्त बोलते. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, १० ते १४ दिवसांत भरून निघतं, मग रोज २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. वहीत सगळी वजनं २.५, ३, ३.५ अशी गोल दिसली, किंवा महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत एका बैठकीत लिहिल्यासारख्या वाटल्या, तर वजन झालेलंच नाही असं समजा. दूध किती जायला हवं तेही हिशोबानं पाहता येतं. आठवड्याच्या पुढच्या बाळाला दिवसाला किलोमागे १५० मिली. २.४ किलोच्या बाळाला ३६० मिली, दर तीन तासांनी ४५. बारा बाळांना रात्री एकच आया असेल तर प्रत्येकाला दर तीन तासांनी मांडीवर घेऊन पाजणं होत नाही. मग बाटली उशीला टेकवून ठेवतात, दूध श्वासनळीत जातं, आणि कारणात 'ॲस्पिरेशन' एवढंच येतं. कमी वजनाच्या बाळाला वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरायचं, त्याला माणूस लागतो. आढाव्यात ॲस्पिरेशन दिसलं की त्या रात्रीचा हजेरीपट मागवायचाच.

अजून एक. मृत्यूची नोंद घडल्या ठिकाणी होते. गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा इथलं मूल नागपुरात गेलं तर नोंद मनपाची. मूळ जिल्ह्याला कळवलं नाही तर तिथे काही घडलंच नाही असं दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं किडनी निकामी होऊन नागपुरात आली. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं, तमिळनाडूच्या तपासणीत ४८.६ टक्के. एकेक केस वेगळी पाहिली तर ताप, मग लघवी बंद, एवढंच. शेजारी शेजारी ठेवल्यावरच सारखेपणा दिसतो. संस्थांमधल्या मृत्यूंच्या फाईली आज चार विभागांत आहेत, त्या एका टेबलावर ठेवणारं कुणी नाही.

कोराडी_रोड
माझा आधीचा मुद्दा मागे घेतो. पण प्रत्यक्ष आढाव्याला बसल्यावर सुरुवात कुठून करायची?

धंतोली
मृत्यूच्या वेळेपासून उलटं मागे जायचं, ७२ तास. कोऱ्या कागदावर तास आखा. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली ते लिहा: पाळीवही, औषधवही, स्वयंपाकघराची हजेरी (मुलानं कोणत्या जेवणापासून खाल्लं नाही ते इथे सापडतं), गेटवही, १०८ ला केलेल्या कॉलची वेळ, रुग्णालयाच्या केसपेपरवरची दाखल वेळ. दोन कागदांत वेळ जुळत नाही तिथे बोट ठेवा. गेटवहीत गाडी १.१० ला बाहेर, केसपेपरवर दाखल ३.४०, आणि अंतर अर्ध्या तासाचं, तर मधले दोन तास कुठे गेले? मूल आधी खाजगी दवाखान्यात नेलं होतं का? डॉक्टर नव्हते म्हणून परत फिरले का?

यात एक अडचण हमखास येते. वह्या पोलीस जप्त करतात आणि आढाव्याच्या वेळी हाती काहीच नसतं. म्हणून जप्तीच्या वेळीच, पंचनाम्यात उल्लेख करून, बाल संरक्षण कक्षानं साक्षांकित प्रती काढून घ्याव्यात. आणि कर्मचाऱ्यांशी बोलणं पहिल्या पाच-सहा दिवसांत व्हावं. खातेनिहाय चौकशीचे जबाब आणि आढाव्याचं बोलणं वेगळं ठेवा, माणसं वेगळी, कागद वेगळे. आयेला वाटलं की हे निलंबनाच्या फाईलीत जाणार, तर ती 'बाळ झोपलं होतं' याच्या पुढे जाणार नाही, आणि तिचं तरी काय चुकलं?

वैनगंगा
इंग्लंडचं थोडक्यात. तिथे व्हिक्टोरिया क्लिंबी या मुलीचा २००० साली छळानं मृत्यू झाला. सामाजिक सेवा, पोलीस, रुग्णालयं सगळ्यांना ती माहीत होती. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला, २००४ मध्ये नवा बालकायदा झाला. एप्रिल २००८ पासून १८ वर्षांखालच्या प्रत्येक मृत्यूचा आढावा स्थानिक पॅनेलनं घेणं बंधनकारक आहे आणि २०१९ पासून सगळी माहिती एका राष्ट्रीय नोंदसंचात जाते. आपल्याला त्यातलं घेण्याजोगं एकच: वय १८ पर्यंत, आणि मूल कुठल्या विभागाचं हा प्रश्न पहिल्या पानावर येऊच द्यायचा नाही.

खंडपीठ
इथेही कायद्यात जागा आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ५५, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, जिल्हाधिकाऱ्यांना समिती, मंडळ आणि संस्थांच्या कामाचं स्वतंत्र मूल्यमापन करू देतं. आश्रमशाळा त्यात बसत नाही, पण जिल्ह्यातले आरोग्य, आदिवासी विकास, पोलीस, मनपा सगळे एका बैठकीला बोलवायला जिल्हाधिकाऱ्यांना नवा कायदा लागत नाही. दुसरी वाट राज्य बालहक्क संरक्षण आयोगाची. २००५ च्या कायद्याच्या कलम १४ खाली आयोगाला चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, विभागाची किंवा पाच वर्षांची मर्यादा नाही.

माहिती अधिकारात मागताना महाराष्ट्राचा नियम लक्षात ठेवा: एक अर्ज एक विषय, १५० शब्द, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महिला व बालविकास, आदिवासी विकास, आरोग्य यांना वेगवेगळे अर्ज करा. 'मृत्यूंची माहिती द्या' असं मोघम लिहाल तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल. असं लिहा: 'आर्थिक वर्षनिहाय मृत्यूंची संख्या, वयोगट, लिंग, संस्थेचा प्रकार, पीएम अहवालातील अंतिम कारण, मृत्यूपूर्वीच्या शेवटच्या तपासणीची तारीख व पूर्तता अहवालाची तारीख, नावे व ओळख कलम १० प्रमाणे वगळून.' ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथेही झालं नाही तर ९० दिवसांत नागपूर खंडपीठाच्या माहिती आयुक्तांकडे दुसरं.

पेंचकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मसुद्यात सहा मागण्या घेतल्या: १८ वर्षांपर्यंतचा संयुक्त आढावा दर तिमाहीला, शाळा किंवा संस्था सोडल्यापासून ३० दिवसांतले मृत्यू धरणं, जप्तीच्या वेळी प्रती, प्रत्येक शिशुगृहाला ठरलेली एएनएम, 'अभिप्राय राखीव' फाईलींची मासिक यादी, आणि आधीच्या दोन तपासणी अहवालांची पूर्तता आढाव्यातच तपासणं. आरोग्याच्या परिच्छेदात 'फॉर्म ४ सक्तीनं भरावा' असं लिहिलंय, बरोबर ना?

डॉ_गोरेवाडा
ते बदला. मृत्यू नोंदणीचा नमुना ४ वेगळा आणि बालमृत्यू अन्वेषणातला रुग्णालयाचा फॉर्म ४ वेगळा. कारकून पहिला भरून दोन्ही झाले असं समजतो. दोन्हींची पूर्ण नावं लिहा, नुसते आकडे नकोत.

मानेवाडा
आणि अन्वेषणाच्या फॉर्मपुढे '५९ महिन्यांपर्यंत' लिहून लगेच पुढे जोडा: '५ ते १८ वयासाठी हाच नमुना, शाब्दिक शवविच्छेदनात वसतिगृहाचे प्रश्न वाढवून'. नाहीतर उत्तर येईल की वय बसत नाही.

पेंचकाठ
दोन्ही दुरुस्त केलं. प्रत एक जिल्हाधिकारी, एक अप्पर आयुक्त आदिवासी विकास, एक मनपाच्या आरोग्य विभागाला. तिन्हींवर आवक क्रमांक घेऊन इथे टाकतो.